पाहुण्याला दिसू नये म्हणून

२५ मार्च १९९९. चीनचे अध्यक्ष जियांग झेमिन स्वित्झर्लंडच्या राजधानीत, बर्नमध्ये, संसद भवनापाशी उतरणार होते. मानवंदनेची तयारी झाली होती. आणि आसपासच्या इमारतींच्या छपरांवर तिबेटच्या बाजूचे निदर्शक चढून बसले होते. त्यांनी फलक सोडले, घोषणा दिल्या. जियांग संतापले. स्वागतसमारंभाचा विचका झाला आणि नंतर यजमान अध्यक्षा रूथ ड्रायफुस यांना त्यांनी चारचौघांत सुनावलं. तुम्हाला हा देश चालवता येत नाही का, असं विचारलं. स्वित्झर्लंडने एक चांगला मित्र गमावला आहे, असंही बजावलं.

मित्र काही गमावला नाही. २०१३ साली याच दोन देशांनी मुक्त व्यापाराचा करार केला. पण जियांग यांचा तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही, कारण तो त्यांनी अगदी मनापासून विचारला होता. त्यांच्या लेखी राज्य करता येणं म्हणजे रस्ता गप्प ठेवता येणं. पाहुण्याच्या वाटेवरची चार माणसं ज्याला हटवता येत नाहीत, ते सरकार कसलं? आणि दुःख याचं, की लोकशाही म्हणवणारी कितीतरी सरकारं हा प्रश्न ऐकण्याची वेळ येऊ नये म्हणून आधीच रस्ते मोकळे करून ठेवतात.

परदेशी नेत्यांच्या दौऱ्यांविषयी आणि त्यांच्याविरुद्ध झालेल्या निदर्शनांविषयी मी बरीच वर्षं वाचत आले आहे. सुरुवातीला माझं लक्ष पाहुण्याकडे असायचं. त्याने काय केलं, लोक त्याच्यावर का चिडले. वाचता वाचता ते लक्ष यजमानाकडे वळलं. पाहुण्याला सहसा ओरखडाही उमटत नाही. तो येतो, मेजवानी घेतो, सह्या करतो, विमानात बसतो. जे काही घडतं ते यजमान सरकार आणि त्याच्या हद्दीतली माणसं यांच्यात. मार खायचा तो त्या माणसांनी, कोठडीत जायचं ते त्यांनी, आणि कधी काही पदरात पडलंच तर तेही यजमानाच्याच हातून.

बर्ननंतर सात महिन्यांनी जियांग राणीचे पाहुणे म्हणून लंडनला गेले. बर्नची आठवण ताजी होती. लंडनच्या पोलिसांनी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांच्या हातातले तिबेटी झेंडे काढून घेतले, फलक हिसकावले, निदर्शक आणि ताफा यांच्या मधोमध पोलिसांच्या व्हॅन नेऊन उभ्या केल्या. तो झेंडा पाहुण्याच्या नजरेला पडू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. तिबेटसाठी काम करणाऱ्या संघटनेने प्रकरण हायकोर्टात नेलं आणि २००० साली पोलिसांना कबूल करावं लागलं, की केवळ निषेधाचे आहेत म्हणून झेंडे आणि फलक काढून घेणं बेकायदा होतं. कबुली मोलाची आहेच. पण ज्यांना त्या एका दिवशी त्या एका माणसाच्या डोळ्यांपुढे झेंडा धरायचा होता, त्यांचा दिवस गेला तो गेलाच.

परागंदा माणसासाठी असा दिवस काय असतो, याचा विचार आपण फारसा करत नाही. घरच्या सरकारवर रागावलेल्या नागरिकाकडे काही ना काही असतं. मत असतं, आमदार-खासदार असतात, वर्तमानपत्र असतं, कोर्ट असतं. निर्वासिताकडे यातलं काहीच नसतं. ज्याच्यामुळे त्याने घर सोडलं, तो राज्यकर्ता त्याच्या हाकेच्या अंतरावर येतो तो फक्त असा, दुसऱ्या कुणाचा पाहुणा म्हणून. आयुष्यात एकदा, फार तर दोनदा.

मी स्वतः अशा एका निदर्शनात मागच्या रांगेत उभी राहिले आहे. तासन् तास वाट पाहायची. रस्ता हळूहळू रिकामा होत जातो, पोलिसांचे वॉकीटॉकी बोलू लागतात आणि मग काळ्या काचांच्या गाड्या इतक्या वेगात निघून जातात, की तो नेमका कुठल्या गाडीत होता हेही कळत नाही. माझ्या शेजारी एक बाई होत्या, त्याच्याच देशातून निघून आलेल्या. त्यांनी ओढणीने तोंड झाकून घेतलं होतं. समोरच्या फुटपाथवर त्याच्या वकिलातीने जमवलेले समर्थक होते आणि त्यातला एकजण आमच्या बाजूचे चेहरे मोबाइलमध्ये टिपत होता. घोषणा त्या बाई माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात देत होत्या. फोटो मात्र त्यांना नको होता, कारण आई अजून तिकडे होती. मी निर्धास्तपणे उघड्या तोंडाने उभी होते. ते स्वातंत्र्य मला काही न करता मिळालेलं आहे, याची जाणीव मला इतकी टोचून क्वचितच झाली असेल.

१५ नोव्हेंबर १९७७ ला इराणचे शाह वॉशिंग्टनला आले, तेव्हा व्हाइट हाउसबाहेर जमलेल्या कितीतरी इराणी विद्यार्थ्यांनी असेच चेहरे झाकले होते. 'सावाक'चे, म्हणजे शाहच्या गुप्त पोलिसांचे, डोळे अमेरिकेतही आहेत हे त्यांना ठाऊक होतं. शाहचे समर्थक आणि विरोधक यांच्यात मारामारी जुंपली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि वारा नेमका व्हाइट हाउसच्या हिरवळीकडे वाहत होता. अध्यक्ष कार्टर आणि शाह, दोघेही स्वागताच्या मंचावर रुमालाने डोळे पुसताहेत, असं चित्र जगभर गेलं. यजमानाच्या डोळ्यांपर्यंत निषेध इतका शब्दशः पोचल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. तरी काय झालं? त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री कार्टर तेहरानमध्ये होते आणि शाहच्या मेजवानीत त्यांनी इराणचं वर्णन अशांत प्रदेशातलं स्थैर्याचं बेट असं केलं. १६ जानेवारी १९७९ ला शाह देश सोडून गेले, ते पुन्हा परतले नाहीत. रस्त्यावरची ती तोंड झाकलेली मुलं जे सांगत होती, ते वकिलातीच्या अहवालांपेक्षा खरं निघालं.

त्या आधी दहा वर्षांपूर्वी हेच शाह पश्चिम बर्लिनला गेले होते. २ जून १९६७. सकाळी नगर सभागृहासमोर निदर्शक जमले, तेव्हा शाहचा जयजयकार करण्यासाठी बसगाड्यांतून माणसं आणून पुढे उभी केलेली होती. त्यांनी फलकांच्या लाकडी काठ्या काढून निदर्शकांना झोडपायला सुरुवात केली. पोलीस बराच वेळ नुसते पाहत राहिले. संध्याकाळी शाह आणि त्यांची राणी मोत्सार्टचा ऑपेरा ऐकायला गेले. ते आत गेल्यावर, म्हणजे त्यांना बाहेरचं काही दिसण्याची किंवा ऐकू येण्याची शक्यता संपल्यावर, पोलीस बाहेरच्या गर्दीवर तुटून पडले. ही वेळ फार बोलकी आहे. पाहुण्याच्या सुरक्षेचा प्रश्न तेव्हा उरलाच नव्हता. उरला होता तो राग, आपल्याच पोरांनी आपल्याला पाहुण्यासमोर खाली पाहायला लावलं याचा.

पळणाऱ्यांचा पाठलाग करत पोलीस बाजूच्या रस्त्यावरच्या एका इमारतीच्या अंगणात शिरले. तिथे कार्ल-हाइन्झ कुरास नावाच्या साध्या वेशातल्या पोलिसाने बेनो ओनेझोर्ग या २६ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या डोक्यात मागून गोळी घातली. बेनोची बायको गरोदर होती. कुरास खटल्यात सुटला, पुन्हा खटला चालला, पुन्हा सुटला. जर्मनीतल्या एका अख्ख्या पिढीचा राज्यसंस्थेवरचा विश्वास त्या अंगणात संपला. त्यातले काही पुढे थेट बंदुकीकडे वळले, आणि त्यांच्यातल्या एका गटाने '२ जून' हेच स्वतःचं नाव केलं. २००९ मध्ये कागदपत्रांतून उघड झालं, की कुरास त्या काळात पूर्व जर्मनीच्या 'श्टाझी'चा, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांचा, खबऱ्या होता. म्हणून काहींना वाटलं, आता सगळा इतिहास उलटा वाचावा लागेल. मला तसं वाटत नाही. गोळीचा हुकूम पूर्वेकडून आल्याचा पुरावा निघालेला नाही. आणि त्या रात्री लाठ्या चालवणारे बाकीचे सगळे, त्यांना पाठीशी घालणारे अधिकारी, कुरासला सोडणारं कोर्ट, हे सगळं पश्चिम बर्लिनचं स्वतःचं होतं.

हे जुन्या काळात घडायचं, असं म्हणायचीही सोय नाही. १६ मे २०१७ ला वॉशिंग्टनमध्ये तुर्की राजदूताच्या निवासस्थानासमोर तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्या सुरक्षारक्षकांनी निदर्शकांना लाथाबुक्क्यांनी तुडवलं, अमेरिकन पोलिसांच्या डोळ्यांदेखत. रक्षक पाहुण्याबरोबर परत गेले. पुढे त्यांच्यावर आरोप ठेवले गेले आणि बहुतेकांवरचे मागेही घेतले गेले.

सरकारांबद्दल इतकं लिहिल्यावर निदर्शकांच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती लपवली तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ उरत नाही. १७ नोव्हेंबर १९२१ ला इंग्लंडचे युवराज मुंबईच्या बंदरात उतरले. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता आणि गांधीजी स्वतः मुंबईत होते. परळला परदेशी कापडाची होळी झाली. युवराज घोडेस्वारांच्या गराड्यात सुखरूप निघून गेले. मग जमावाचा राग कुणावर निघाला? तर जे स्वागताला गेले होते त्यांच्यावर. पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन यांना रस्त्यात गाठून मारलं, टोप्या ओढल्या, ट्रामगाड्यांवर हल्ले झाले, दारूची दुकानं जाळली. मग दुसऱ्या बाजूनेही सूड उगवला गेला. पन्नासहून अधिक माणसं मेली. गांधीजी उपोषणाला बसले आणि शहर शांत होईपर्यंत त्यांनी अन्न घेतलं नाही. बार्डोलीचा ठरलेला सत्याग्रह त्यांनी पुढे ढकलला.

या दंगलीविषयी वाचताना मला बर्लिनचे पोलीस आठवतात. जो खरा रागाचा धनी, तो हाताबाहेर असतो. मग हाताशी जो सापडेल त्याला मारायचं. पोलिसांच्या हाताशी विद्यार्थी होते, मुंबईच्या जमावाच्या हाताशी शेजारच्या गल्लीतले पारशी. गांधीजींना हे त्याच दिवशी कळलं आणि त्यांनी ते स्वतःच्या माणसांना स्पष्ट सुनावलं, म्हणून मला त्यांचं ते उपोषण त्यांच्या मोठ्या उपोषणांइतकंच महत्त्वाचं वाटतं. महिन्याभरात युवराज अलाहाबादला गेले, तेव्हा सरकारने मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरूंना आधीच तुरुंगात टाकलेलं होतं. तरी लोकांनी दारं लावून घेतली आणि युवराजांची मिरवणूक ओस पडलेल्या रस्त्यांवरून गेली. बंदोबस्ताने माणसांना रस्त्यावरून हटवता येतं. रस्त्यावर आणून उभं करणं त्याला तितकंसं जमत नाही.

यजमानाला या सगळ्याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली ती जपानमध्ये, १९६० साली. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर १९ जूनला तोक्योत येणार होते. त्याआधी अमेरिकेबरोबरचा सुरक्षा करार संसदेतून पार पडावा, म्हणून पंतप्रधान किशी नोबुसुके यांनी मे महिन्यात समाजवादी खासदारांना पोलिसांकरवी सभागृहातून उचलून बाहेर काढलं आणि रात्री उशिरा मतदान उरकलं. तीस दिवसांनी करार आपोआप मंजूर होणार, ठीक पाहुणा उतरेल त्या दिवशी. बेत नेटका होता, पण लोक खवळले. जूनच्या १० तारखेला आयझेनहॉवर यांचे प्रसिद्धी सचिव हॅगर्टी पूर्वतयारीसाठी आले, तर हानेदा विमानतळाबाहेर त्यांची गाडी गर्दीने अशी घेरली, की अमेरिकन हेलिकॉप्टरने त्यांना उचलून न्यावं लागलं. १५ जूनला संसदेच्या दारात झालेल्या झटापटीत कानबा मिचिको ही विद्यापीठातली मुलगी मेली. २२ वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी किशींनी आयझेनहॉवर यांना येऊ नका म्हणून कळवलं आणि करार लागू झाल्यावर राजीनामा दिला. अमेरिकेत तेव्हा याला अमेरिकाद्वेष म्हणाले. मला तो द्वेष दिसत नाही. जपानी लोकांचं भांडण किशींशी होतं. युद्धकाळात पंतप्रधान तोजोंच्या मंत्रिमंडळात बसलेला आणि युद्धगुन्ह्यांचा संशयित म्हणून तुरुंगात राहिलेला हा माणूस आता पाहुण्याच्या स्वागतासाठी संसद गुंडाळून ठेवतो, हे त्यांना सहन झालं नाही.

आणि १९९८ चा मे महिना. जपानचे सम्राट अकिहितो लंडनला आले. राणीबरोबर त्यांची बग्गी निघाली, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभे असलेले ब्रिटिश म्हातारे सैनिक एकदम वळले आणि त्यांनी बग्गीकडे पाठ केली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या छावण्यांत कैदी म्हणून राहिलेली ही माणसं. नुकसानभरपाई म्हणून त्यांना युद्धानंतर मिळालं होतं ते ७६ पौंडांच्या आसपास. माफी आणि भरपाई ते जपानकडे मागत होते. जपानचं म्हणणं, १९५१ च्या शांतता कराराने हा हिशेब मिटला आहे. अखेर नोव्हेंबर २००० मध्ये हयात असलेल्या प्रत्येकाला १०,००० पौंड जाहीर झाले, ते ब्रिटिश सरकारकडून. पाठ सम्राटाकडे केली होती, ऐकू मात्र त्यांच्याच सरकारला आलं, तेही तोवर कितीतरी जण वारल्यावर.

कायद्याकडे पाहिलं तर त्यातही हीच ओढाताण दिसते. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने परदेशी वकिलातीच्या शांततेची आणि प्रतिष्ठेची जबाबदारी यजमान देशावर टाकली आहे. ते मला मान्य आहे. पाहुणा कितीही अप्रिय असो, त्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये. पण प्रतिष्ठा जपायची म्हणजे किती? वॉशिंग्टनमध्ये १९३८ पासून एक कायदा होता, की वकिलातीपासून ५०० फुटांच्या आत त्या देशाच्या सरकारची बदनामी करणारा फलक धरता येणार नाही. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. भारतात १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अभिव्यक्तीस्वातंत्र्यावर बंधन घालण्याच्या कारणांत 'परकीय राज्यांशी मैत्रीचे संबंध' हे कारण घातलं, आणि ते आजही कलम १९(२) मध्ये आहे. मला ते खटकतं. दोन सरकारांची मैत्री टिकवायला नागरिकाच्या तोंडाला कुलूप का लागावं? पाहुण्याच्या जिवाला धोका असेल तर बॅरिकेड लावा, झडती घ्या, अंतर राखा. पण अंतर इतकंच हवं, की फलक वाचता यावा. निदर्शकांना चार किलोमीटर लांबच्या मैदानात कोंडून 'तुम्हाला परवानगी दिली होती' म्हणणं, ही परवानगी नव्हे.

तिबेटी माणसांच्या बाबतीत भारताचं वागणं म्हणूनच मला सतत छळतं. १९५९ पासून या देशाने दलाई लामांना आणि हजारो तिबेट्यांना आसरा दिला, वसाहतींसाठी जमिनी दिल्या, शाळा दिल्या. इतकं फार थोड्या देशांनी केलं असेल. आणि चीनचा नेता आला, की त्याच माणसांना दाराआड ठेवायचं. कवी आणि कार्यकर्ते तेनझिन त्सुंड्यू जानेवारी २००२ मध्ये चीनचे पंतप्रधान झू रोंगजी उतरलेल्या मुंबईच्या हॉटेलच्या बांधकामाच्या परांचीवर झेंडा घेऊन चढले. एप्रिल २००५ मध्ये वेन जियाबाओ बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले असताना ते तिथल्या मनोऱ्यावर चढले. नोव्हेंबर २००६ मध्ये हू जिंताओ येणार म्हटल्यावर त्सुंड्यूंना धरमशाला सोडायचीच बंदी घालण्यात आली. एका माणसाच्या हातातल्या कापडाची एवढी धास्ती.

मार्च २०१२ मध्ये हू पुन्हा दिल्लीला येणार होते. दौऱ्याच्या आधी २६ तारखेला जंतरमंतरजवळच्या निदर्शनात जाम्फेल येशी या २७ वर्षांच्या तिबेटी तरुणाने स्वतःला पेटवून घेतलं. दोन दिवसांनी तो गेला. हा मार्ग मला मान्य नाही, कधीच होणार नाही. कुठल्याही पाहुण्याच्या दौऱ्यापेक्षा तो मुलगा मोलाचा होता. पण त्यानंतर दिल्लीत जे झालं, तेही मला मान्य नाही. तिबेटी वस्त्यांभोवती पोलीस बसले, तिबेटी चेहऱ्याच्या माणसांना रस्त्यात थांबवून चौकशा झाल्या, अनेकांना नुसत्या संशयावर ताब्यात घेतलं. शोक करायची मोकळीकही पाहुणा परत जाईपर्यंत मिळाली नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये शी जिनपिंग लंडनला गेले. राजमार्गावर लाल झेंडे घेतलेल्या समर्थकांची दाटी होती. १९८९ च्या थ्येनआनमेन हत्याकांडातून वाचून पुढे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले शाओ जियांग शहराच्या दुसऱ्या भागात ताफ्याच्या वाटेवर आले. त्यांच्या हातात ए-फोर आकाराचे दोन कागद होते. एकावर हुकूमशाही संपवा, दुसऱ्यावर लोकशाही हवी, अशा अर्थाची घोषणा. पोलिसांनी त्यांच्यावर झडप घालून त्यांना नेलं. तिबेटी झेंडा फडकवणाऱ्या दोन स्त्रियांनाही अटक झाली. शाओ कोठडीत असताना त्यांच्या घराची झडती झाली आणि संगणक उचलून नेले. त्यांच्यावर कुठलाही खटला पुढे चालला नाही. चीनमध्ये ज्या लोकांशी त्यांचा संपर्क होता त्यांची नावं त्या संगणकांत असतील, आणि ते संगणक काही काळ पोलिसांच्या टेबलावर होते, ही काळजी मात्र कुठल्या कोर्टाने दूर करायची?